वरंध घाटातल्या मदतगारांचे आभार

वरंध घाटात दरड उपसताना पोकलेनच्या बूमचा (पुढच्या लांब हाताचा) हायड्रॉलिक पाइप फुटला, मशीन रस्त्यातच अडकलं. मी भोरहून नेलेला पाइप मापात बसेना. महाडला निघालेले एक टेम्पोवाले दादा फुटका तुकडा नमुन्याला घेऊन गेले, नवा पाइप क्रिंप करून (टोकांना जोड दाबून बसवून) स्वतः परत घेऊन आले. भाडं? नावच काढू दिलं नाही! गळती शोधायला मी पुठ्ठा मागितला, तर एका पोराने आपलं खोकं फाडून दिलं. (तिथे हात फिरवायचा नसतो, ३०० बारच्या आसपास दाबाचं तेल थेट कातडीत घुसतं.) टपरीवाल्या मावशींनी चहा पाजला, वर हात धुवायला निरमा आणि लाकडाचा भुसा दिला. नावं कुणाचीच ठाऊक नाहीत. मंडळी, मनापासून आभार. भोरकडे मशीनचं, गाडीचं काही काम निघालं तर हक्काने सांगा.