मांडीवरचा ठेका थांबवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

दर रविवारी मला जॅझ ऐकवता त्याबद्दल समोर आभार मानले की तुम्ही लगेच चहाचा विषय काढता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. रागवा खुशाल.

पहिल्या रविवारी तुम्ही सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘असेन्शन’ ही रेकॉर्ड लावलीत. अकरा वादक, जवळजवळ चाळीस मिनिटं. पाचव्या मिनिटाला काकू आतून ओरडल्या, “कुकरची शिट्टी अडकलीय का रे?” मी हसले. तुम्ही सुई उचललीत नि म्हणालात, “चुकलं माझं. शेवटाकडून सुरुवात केली.”

पुढच्या रविवारी त्याचंच ‘अ लव्ह सुप्रीम’ काढलंत. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग. पण तुम्ही रेकॉर्डआधी कव्हर उघडून माझ्या मांडीवर ठेवलंत. आत कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना छापलेली. “शेवटचा भाग लावतो. ओळींवरून बोट फिरव.” मला वाटलं, काकांची काहीतरी गंमत. आणि मग सॅक्सोफोन ती कविता वाचायला लागला! शब्दाला शब्द, अक्षराला सूर. मागे ड्रमर एल्विन जोन्सचे टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, घुमत होते. ताल असा नव्हताच, बोलण्याची लय तेवढी होती. ‘थँक यू गॉड’ आलं की सूर खाली उतरून षड्जावर टेकायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तर तो कधी उतरणार हे मला बोटाआधी कळायला लागलं. गाणाऱ्याविना गाणं मी आयुष्यभर ऐकलंय, पण वाद्याने असे शब्द उच्चारलेले पहिल्यांदाच ऐकले.

मग दुसरा सॅक्सोफोनवादक, अल्बर्ट आयलर. ‘स्पिरिच्युअल युनिटी’, जुलै १९६४, न्यूयॉर्क. चार रचना, जेमतेम अर्धा तास. ‘घोस्ट्स’ची धून बडबडगीतासारखी वाटली, आणि बघता बघता सूर फाटला. बारा वर्षं तबला शिकलेला माझा हात मांडीवर ठेका धरून सम शोधत होता. तुम्ही मनगट धरून तो बाजूला ठेवलात. “अगं, सनी मरे ठेका देतच नाहीये, तू कशाला देतेस?” खरंच, त्या ड्रमरच्या सिंबलची नुसती सळसळ चालली होती. हात थांबला तेव्हा कुठे गॅरी पीकॉकचा बास ऐकू आला.

आयलर सॅक्सोफोन वडिलांकडून शिकला, क्लीव्हलंडच्या चर्चमध्ये त्यांच्यासोबत वाजवायचा, नंतर सैन्याच्या बँडमध्ये होता, हे तुम्ही मग सांगितलंत. ते आधी सांगितलं असतंत तर मी प्रत्येक सुरात चर्च शोधत बसले असते. त्या चर्चमध्ये प्रार्थना रंगात आली की शब्द सुटतात आणि नुसता आवाज उरतो. आयलरने तो आवाज वाद्यात भरला. जुलै १९६७ मध्ये कोल्ट्रेन चाळिशीत गेला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला आयलर वाजवत होता. त्यात मध्येच सॅक्सोफोन तोंडातून काढून तो स्वतःच ओरडला. हे सांगताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी काही विचारलं नाही.

सगळंच पटलं असं नाही हं. कोल्ट्रेनच्या ‘ओम’मध्ये गीतेच्या नवव्या अध्यायातले शब्द इंग्रजीत, सगळे मिळून म्हणतात, ते मला आजही ओढूनताणून वाटतं. तुम्हाला ते फार आवडतं, माहीत आहे. त्यापेक्षा त्याच्या बायकोच्या, ॲलिस कोल्ट्रेनच्या, ‘जर्नी इन सच्चिदानंद’मधला तंबोरा आणि हार्प कितीतरी सहज एकमेकांत मिसळतात. यावर आपलं भांडण बाकी आहे.

गेल्या आठवड्यात ‘असेन्शन’ पुन्हा लावलं. पूर्ण ऐकलं. सगळे मिळून उसळतात, मग एकेकाला वाट देतात, पुन्हा उसळतात. हे आता ऐकू येतं. घरच्यांनी दार लावून घेतलं, तो भाग निराळा.

‘अ लव्ह सुप्रीम’चं कव्हर अजून माझ्याकडेच आहे. कवितेच्या कडेला माझ्या बोटाचा तेलकट डाग पडलाय, त्याबद्दल माफ करा. रविवारी घेऊन येते. काकूंना कुकर आधीच उतरवून ठेवायला सांगा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची