परदेशातल्या कवितेची ओढ

स्वातंत्र्यपूर्व काळातल्या परदेशी राहून लिहिलेल्या कवितांकडे आपण फक्त देशभक्तीच्या चष्म्यातून पाहतो, याची खंत वाटते. 'सागरा प्राण तळमळला' १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिली गेली. सभा-समारंभांत ती आवेशाने म्हटली जाते. पण नीट वाचली तर त्यात घरी जायला आसुसलेला एक तरुण भेटतो. 'याला लवकर परत आणीन' असं वचन सागरानं आईला दिलं होतं, म्हणून तो सागराशी चक्क भांडतो. पिंजऱ्यातला पोपट, फासात अडकलेलं हरीण... ही भाषा आवेशाची नाहीच, जीव कासावीस झाल्याची आहे!

बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तरुणपणी त्यांना इंग्रजी कवी व्हायचं होतं, विलायतेची स्वप्नं पडत. पुढे फ्रान्समध्ये व्हर्साय इथं हलाखीत दिवस काढताना त्यांनी आपल्या गावच्या कपोताक्ष नदीवर सुनीत (चौदा ओळींची कविता) लिहिलं, तेही बंगालीत. इतक्या दूर जाऊन आठवली ती लहानपणची नदी आणि तिच्या काठची भाषा.

मॉरिशस, फिजीला नेलेल्या गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांची गाणीही याच दुःखाची. ती मराठीत फारशी वाचायला मिळत नाहीत. आपल्या रविवार पुरवणीत अशा कवितांचे अनुवाद मूळ ओळींसह क्रमशः द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक