आजोबांची झेन, एस्टीमचं इंजिन की टर्बो?

वारजे, पुणे
रविवार, सकाळ

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजोबांच्या मारुती झेनला एस्टीमचं इंजिन टाकू की आहे त्याच इंजिनला टर्बो लावू?" आणि मी "लिहून कळवतो" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, बाबांनी विषय टाळला. टाळला नाही. माझी तीस वर्षं भोसरीत इंजिनं पळवून तपासायच्या टेस्ट बेडवर गेली. या प्रश्नाचं उत्तर फोनवर चार वाक्यांत देणं मला जमलं नसतं.

काल संध्याकाळी गाडीवरचं कव्हर काढलं. बॅटरी उतरली होती, ती चार्जिंगला लावली. आज सकाळी दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. ग्लोव्ह बॉक्समध्ये आजोबांची पेट्रोलची वही अजून आहे. २००१ पासून प्रत्येक वेळी किती लिटर भरलं, किलोमीटर किती झाले, हवा कधी तपासली, सगळं शाईच्या पेनाने लिहिलेलं. पहिल्या पानावर इंजिन नंबर आणि चासी नंबर. त्याबद्दल शेवटी लिहितो, आधी इंजिनाचं बोलू.

दोन्ही वाटांनी तू जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतेस, हे आधी कागदावर मांडून बघ. आपल्या झेनचं इंजिन ९९३ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवर. एस्टीमचं एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं, इंजिन १२९८ सीसी, ८५ च्या आसपास. त्याच झेनच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, लावून वातावरणाच्या वर अर्धा बार दाब दिलास, तर हिशोबाने दीडपट हवा आत जाते, म्हणजे कागदावर ९०. त्यातून उष्णतेचं आणि मागे साठणाऱ्या दाबाचं नुकसान वजा कर, आकडा पुन्हा ८० ते ८५ वर येतो. म्हणजे तुला जास्त ताकद कशातून मिळेल, हा प्रश्नच उरत नाही. ती ताकद पेलण्यासाठी कोणतं इंजिन मुळात घडवलं गेलंय, एवढंच बघायचं.

एस्टीमचं इंजिन झेनच्याच घराण्यातलं. झेनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ६१; एस्टीमचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. बोअरमध्ये दोनच मिलिमीटरचा फरक, पण स्ट्रोक साडेचौदाने लांब. त्यामुळे खालच्या आरपीएमला ओढ चांगली मिळते आणि घाटात सारखा गिअर खाली टाकावा लागत नाही. त्या ८५ हॉर्सपॉवरसाठी लागणारा क्रँक, बेअरिंग, पिस्टन, पाण्याच्या वाटा, तेलाचा पंप, कंट्रोल युनिटमधला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला, पेट्रोलचा आणि ठिणगीचा नकाशा, हे सगळं कुणीतरी महिनोन्‌महिने टेस्ट बेडवर पळवून ठरवलेलं आहे. तू ते इंजिन उचलून आणतेस, तेव्हा ती मेहनतही सोबत येते.

टर्बोचं तसं नाही. टर्बो ही सुंदर कल्पना आहे, मी तिचा विरोधक नाही. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या वायूने पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून इंजिनात भरायची. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. आपल्या चाकणमध्ये बनलेली पोलो जीटी टीएसआय तू चालवली आहेस. १२०० सीसीत १०५ हॉर्सपॉवर, आणि आवाज मात्र शांत. पण त्या इंजिनाचा पहिला कागद काढला, तेव्हापासूनच त्यात टर्बो होता. आपल्या झेनच्या इंजिनाला टर्बो म्हणजे काय हे ठाऊकच नाही.

उष्णतेचं गणित तुला सोडवून दाखवतो, कारण तुला ते आवडेल. एप्रिलात पुण्यात ३८ अंश आहेत असं धर. ती हवा दीडपट दाबली की बाहेर पडताना ती नव्वदीच्या पुढे जाते. ती हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर तीच गरम हवा सिलिंडरमध्ये जाते, तिथे आणखी दाबली जाते, आणि ठिणगी पडून ज्वाळा पसरत असतानाच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. तेच नॉकिंग. बाहेरून खडखड ऐकू येते, पण आत पिस्टनच्या माथ्यावर हातोडे पडत असतात. डिझेलच्या गाड्यांना टर्बो सगळीकडे बघून मुलांना वाटतं, पेट्रोललाही तसाच बसेल. डिझेलचा जळका वायू साधारण सातशे-साडेसातशे अंशांवर असतो. पेट्रोलचा पूर्ण लोडवर नऊशेच्या पुढे जातो. रात्रपाळीला टेस्ट सेलमधले दिवे मंद केले की जळका वायू बाहेर नेणारा मॅनिफोल्ड लालभडक दिसायचा. तो मी शेकडो वेळा पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी पोटात थोडी धाकधूक झाली आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिलने जेटफायर नावाची टर्बोची गाडी काढली. नॉकिंग रोखायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची वेगळी टाकी होती. लोक ती टाकी भरायला विसरत. पुढे कंपनीनेच अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे जड गेलं, ते आपण पार्किंगमध्ये सहज करू, असं मानू नकोस.

आता माझा स्वतःचा अनुभव. तुला तो कधी सांगितला नाही, कारण मला त्याचं वाईट वाटतं. तू दोन वर्षांची होतीस. माझ्या एका मित्राच्या छोट्या पेट्रोल गाडीला आम्ही दोघांनी मिळून टर्बो बसवला. पाइप एका गॅरेजमध्ये वाकवून घेतले, बाकी सगळं आम्ही केलं. सिंहगड रस्त्यावर गाडी अशी पळाली की आम्ही लहान मुलांसारखे हसत होतो. पंधरा दिवसांनी साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढावर मित्राने ट्रकमागे अडकल्यावर तिसऱ्यात पूर्ण दाबली. वरच्या वळणाच्या आधी तेलाची डिपस्टिक नळीतून उडाली, इंजिनाची वाफ सोडणाऱ्या ब्रीदर नळीतून निळा धूर, आणि ओढ गेली. उघडून पाहिलं तर दोन पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटलेली. शहरात दहा-दहा सेकंद दाबलेली गाडी आणि घाटात तीन मिनिटं सलग लोडवर असलेली गाडी, यांत फरक असतो हे मला नोकरीत रोज दिसत होतं. तरी मी तो हिशोब केला नव्हता. मागच्या सीटवर मित्राची आई बसली होती. उन्हात, रस्त्याच्या कडेला, दोन तास. त्या माउलीने एक शब्द काढला नाही.

त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. त्याची नॉकिंग सोसायची ताकद चांगली, हे खरं. पण साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण साडेतेराच. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुन्या कंट्रोल युनिटला हे माहीत नाही. शिवाय अशा जुन्या गाड्यांतला दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजायला बनवलेला असतो. त्याच्या वर टर्बोने किती हवा ढकलली, हे त्याला दिसतच नाही. मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण दाबाखाली पिस्टनला भोक पाडतं. म्हणजे टर्बो लावायचा तर मोठे इंजेक्टर, वेगळं कंट्रोल युनिट, डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, बसून केलेलं ट्यूनिंग, इंटरकूलर, फोर्ज्ड पिस्टन, जाड हेड गॅस्केट आणि तेलाची वेगळी लाइन लागते. तू यासाठी ठेवलेल्या दीड लाखात यातलं निम्मंच बसेल, आणि निम्म्याने केलेला टर्बो म्हणजे आमची खंबाटकी.

टर्बोचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटरला साध्या इंजिनाची सुमारे एक टक्का ताकद जाते. पुणं ५६० मीटरवर. म्हणजे आपल्या ६० मधले तीनेक इथेच कमी झाले, आणि महाबळेश्वरला त्याहून जास्त. टर्बो ती तूट भरून काढतो. डोंगरात राहणाऱ्यासाठी हे मोलाचं आहे. तू चेन्नईत, समुद्राकाठी आहेस.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. एस्टीमचं इंजिन. बलेनोचं १६०० सीसी टाक असं कुणी सांगेल, ते ऐकू नकोस. पुढचं वजन वाढतं आणि गाडी वळणात सरळ जायला बघते.

इंजिन घेताना नुसतं ऐकून घेऊ नकोस. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन बघ. चार सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर हात लावू नकोस. एखादा कमी दिसला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोज. वाढला तर रिंग गेल्या, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह. इंजिनासोबत त्याचं पूर्ण वायरिंग आणि कंट्रोल युनिट त्याच गाडीचं घे, वायर कापलेली नको. इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकची दोन्ही ऑइल सील बदल. नंतर तेच काम चौपट कष्टाचं होतं. बॉनेटखालची उंची, माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्टची लांबी आधी मोज. रेडिएटर मोठा लागेल. बिल पक्कं, इंजिन नंबर स्पष्ट वाचता येणारा. घासलेला नंबर दिसला तर किंमत न विचारता परत फिर.

आणि या सगळ्याच्या आधी ब्रेक. ताशी १०० वरून १२० वर गेलीस की थांबवायची ऊर्जा ४४ टक्के वाढते, वीस नाही. मागचे ड्रम, पुढच्या डिस्क, होज, फ्लुइड, टायर, हे आधी. इंजिन त्यानंतर.

आता कायद्याचं. हे वाचून तुझा हिरमोड होईल, पण लिहिणं भाग आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बसवता येतं. ९९३ च्या जागी १२९८ हा वेगळा मामला. टर्बोही त्यातच. आणि न कळवलेल्या बदलामुळे विमा कंपनीने क्लेम नाकारला, तर समोरच्या जखमी माणसाचं काय, हा विचार मला झोपू देत नाही. पुढच्या वर्षी आजोबांच्या गाडीचं पासिंग आहे. संगम पुलाजवळच्या आरटीओत इन्स्पेक्टर बॉनेट उघडून पहिल्यांदा इंजिन नंबरच बघणार.

म्हणून माझं म्हणणं असं. आजोबांच्या झेनचं इंजिन तिच्यातच राहू दे. या दिवाळीत आपण ते उतरवून बांधू. व्हॉल्व्ह लॅप करू, म्हणजे घासून नीट बसवू, रिंग बदलू, गरज पडली तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकू, इथेनॉलला टिकतील असे पेट्रोलचे पाइप घालू. साठाचे साठ घोडे परत आले की ही पावणेआठशे किलोंची गाडी कशी पळते, ते तू विसरली आहेस. २००१ च्या पावसाळ्यात आजोबांनी तुला ताम्हिणीत नेलं होतं, वहीत त्याची नोंद आहे: "सोनू खिडकीतून हात बाहेर काढते. काच वर केली."

आणि चेन्नईजवळच्या तुझ्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकसाठी वेगळी झेन घेऊ. रंग गेलेली चालेल, पण चासी सरळ आणि गंज नसलेली. तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यायची आणि तिच्यात एस्टीमचं इंजिन बसवायचं. ती रस्त्यावर कधीच चालवायची नाही, ट्रॅकवर ट्रकने न्यायची आणि ट्रकनेच आणायची. तुझ्या दीड लाखात कमी पडतील ते मी घालीन. आईशी बोललोय, तिची हरकत नाही. गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा लोखंडी सांगाडा, रोल केज, मात्र हवाच, अशी तिची अट आहे, आणि माझीही.

तोवर तिकडे ट्रॅकवर जाणाऱ्या मुलांना एकच विचार: सलग पाच लॅप मारल्यावर त्यांच्या पाण्याचं आणि तेलाचं तापमान किती जातं. आकडे लिहून पाठव, म्हणजे रेडिएटर केवढा घ्यायचा ते मला ठरवता येईल.

धनत्रयोदशीच्या आधी ये. चेन कप्पी शेजारच्या काकांकडून सांगून ठेवली आहे. कॉम्प्रेशन गेज माझं जुनं आहे, ते बरोबर दाखवतं का हे उद्याच एका चांगल्या इंजिनावर तपासून घेतो.

तुझा,
बाबा