ताई, तुम्ही फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचलीत

आदरणीय ताई,

सैन्यातून वाईट शेरा घेऊन आलेल्या मुलांचे अर्ज तुम्ही केंद्रावर हाताळता, माझ्या भावाचाही हाताळलात. तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, अशी ताकीद त्याच्या अर्जाचा निकाल आला त्याच दिवशी तुम्ही दिली होतीत, म्हणून नुसतं ताई. फोनवर आभार मानून झाले, आईनेही मानले. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे अमेरिकेत आपल्या लोकांची मुलं आर्मीत, नेव्हीत, मरीनमध्ये जातात. त्यातल्या एखाद्याला माझ्या भावासारखा कागद घेऊन घरी यावं लागतं आणि मग ते सगळं घरच गप्प होतं. आमचंही झालं होतं. ‘धाकटा सध्या काय करतो?’ असं कोणी विचारलं की आई म्हणायची, ‘आर्मीतून आलाय, आता बघतोय काहीतरी,’ आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठायची.

तो कागद म्हणजे डीडी-२१४. सैन्य सोडताना मिळतो आणि पुढे नोकरी, घराचं कर्ज, कॉलेज, दवाखाना, जिथे जावं तिथे मागतात. भावाच्या कागदावर शेरा होता ‘अदर दॅन ऑनरेबल’, म्हणजे सन्मानाने सोडलेला नाही असा, आणि कारणाच्या रकान्यात गैरवर्तन, अमली पदार्थ. त्याच कागदावर कंदाहार प्रांतातल्या तैनातीची नोंद होती, पदकंही होती. ती कोणी वाचत नसे. कोर्ट मार्शल झालं नव्हतं, प्रशासकीय मार्गाने काढलं होतं. लघवीच्या तपासणीत गांजा निघाला, त्याच्या आगेमागे हजेरीला उशीर, सार्जंटशी हुज्जत असे काही ठपके. काढण्याआधी तिथल्या बोर्डापुढे बाजू मांडायचा त्याला हक्क होता. तो सोडून देत असल्याच्या कागदावर त्याने सही केली, कारण सही घेणाऱ्याने सांगितलं होतं की सहा महिन्यांनी शेरा आपोआप सुधारतो.

आपोआप काहीही सुधारत नाही. अर्ज केला नाही तर तो शेरा जन्मभर तसाच राहतो. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितेय. त्या थापेवर विसंबून किती मुलांनी वर्षं घालवली असतील, कोण जाणे.

तुम्ही भेटण्याआधी भावाने एकदा स्वतःच डीडी-२९३ हा शेरा बदलून मागायचा फॉर्म भरला होता. वय लहान होतं, पुन्हा असं होणार नाही, कृपया विचार व्हावा, अशा चार ओळी. अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर त्याने तो विषयच बंद केला. आईच्या मनात मात्र वेगळीच धास्ती होती. सैन्यातल्या सेवेच्या बळावर त्याला नागरिकत्व मिळालं होतं आणि पाच वर्षांची सन्मानाची सेवा पूर्ण होण्याआधी असा शेरा मिळाला तर ते काढूनही घेतलं जाऊ शकतं, असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं. दुर्दैवाने ते खरंच आहे. तुम्ही तिला खोटा धीर दिला नाहीत. ‘कायद्यात तशी तरतूद आहे, म्हणून तर हे काम नीट करायचं,’ एवढंच म्हणालात. आणि दुसऱ्या अर्जाने परिस्थिती आणखी बिघडेल या त्याच्या भीतीवर सरळ सांगितलंत की या अर्जांचा विचार करणारं डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड शेरा आहे त्याहून वाईट करू शकत नाही. त्या रात्री आई बऱ्याच दिवसांनी वेळेवर झोपली.

पहिल्या भेटीत तुम्ही फॉर्मला हातही लावला नाहीत. भावाला विचारलंत, ‘झोप किती लागते?’ तो काहीतरी पुटपुटला. तुम्ही म्हणालात, आधी उपचार, मग अर्ज. त्याला वाटायचं की असा शेरा असलेल्याला व्हीएची, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची, दारं बंदच. शंभरहून अधिक दिवस सेवा झालेल्या आणि युद्धक्षेत्रात राहून आलेल्या माणसाला या शेऱ्यासकटही व्हीएकडून मानसिक आरोग्याचे उपचार मिळू शकतात, तसा कायदा २०१८ मध्ये झाला, हे आम्हाला तोवर एकानेही सांगितलं नव्हतं. अर्ज पुढे फेटाळला गेला असता तरी एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी राहिले असते.

मग सेंट लुईसच्या अभिलेखागारातून फाइल मागवली. सेवेचे कागद वेगळे, वैद्यकीय कागद वेगळे. चांगला जाडजूड गठ्ठा आला. मी वरची काही पानं चाळली आणि ठेवून दिली, सगळी नुसती संक्षिप्त अक्षरं. तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचलंत. आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळे कागद विषयवार न लावता तारखेप्रमाणे लावलेत आणि दातांच्या तपासणीच्या कागदांमागे चिकटलेला एक अर्धा कागद बाहेर काढलात. तळावरच्या दवाखान्याची चिठ्ठी होती. घाईतल्या अक्षरात लिहिलं होतं: डोकेदुखी, कानात आवाज, झोप नाही, स्फोटाच्या जवळ होता. दोन आठवड्यांनी पुन्हा यावे. पुढची नोंदच नव्हती. तुम्ही तारखेखाली पेन्सिलने रेघ मारलीत आणि तो कागद लघवीच्या तपासणीच्या अहवालाच्या डाव्या हाताला ठेवलात. चिठ्ठी आधीची, अहवाल नंतरचा. भाऊ बघतच राहिला. आपण कधी दवाखान्यात गेलो होतो हेच तो विसरून गेला होता. इतकी वर्षं तो स्वतःबद्दल तेच म्हणत होता जे त्या कागदावर छापलं होतं.

ताई, तुमचे खरे आभार मला या टेबलासाठी मानायचे आहेत. आमच्या ओळखीत सल्ला देणारे कमी नव्हते. तपासणी चुकली म्हणा, कोणीतरी खाण्यातून घातलं म्हणा, बाटल्यांची अदलाबदल झाली म्हणा. सांगणारे आपुलकीनेच सांगत होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि नाही म्हणालात. नमुना आधी एका पद्धतीने तपासतात आणि सापडलं तर दुसऱ्या, जास्त काटेकोर पद्धतीने खात्री करतात. ठोस कारणाशिवाय त्यावर बोट ठेवलं तर बोर्डाचा बाकी सगळ्यावरचाही विश्वास उडेल. ‘गांजा ओढला हे पहिल्याच परिच्छेदात लिहायचं,’ तुम्ही म्हणालात, ‘फक्त तो कधी ओढला आणि त्याच्या आधी काय झालं होतं, तेही त्याच परिच्छेदात लिहायचं.’ भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा ताठ बसला. काही लपवायचं नाही म्हटल्यावर त्याला बोलता यायला लागलं.

त्यानंतर तुम्ही आईला मराठीत समजावलेले चार प्रश्न मला आजही पाठ आहेत. अशा अर्जांचा विचार कसा करावा यासाठी संरक्षण खात्याने बोर्डांना दिलेला २०१७ चा कुर्टा मेमो आहे, त्यातले ते प्रश्न. अपराध सौम्य ठरवू शकेल असा काही आजार किंवा अनुभव त्या माणसाच्या वाट्याला आला होता का? तो सेवेच्या काळातलाच होता का? त्यामुळे घडलेलं वर्तन खरोखर सौम्य ठरतं का? आणि शेवटी, तराजूत घातलं तर त्याचं वजन शेऱ्यापेक्षा जास्त भरतं का? आई शाळेत शिक्षिका होती. ती म्हणाली, ‘म्हणजे पेपर आधीच फुटलाय, उत्तरं पुराव्यानिशी लिहायची.’ तुम्ही हसून हो म्हणालात आणि लगेच गंभीर होऊन सांगितलंत की उदारपणे विचार करा एवढंच मेमो सांगतो, शेरा बदललाच पाहिजे असं सांगत नाही.

त्या मेमोत पुराव्याबद्दल जे आहे ते सगळ्यांनी वाचायला हवं. वागण्यातला बदल, कामातली घसरण, नशेचा आधार, या गोष्टी आजाराची खूण असू शकतात, असं त्यात स्पष्ट आहे. ज्याला आम्ही गुन्ह्याची यादी समजत होतो, ती लक्षणांचीही यादी असू शकते! गांजाचं तर उदाहरणच दिलंय: सैन्यात तो आजही बेकायदा आहे, पण काही राज्यांत कायदेशीर झाल्यामुळे, सौम्य करणारे पुरावे सोबत असतील तर, तो काही दशकांपूर्वीपेक्षा कमी गंभीर मानला जाऊ शकतो. २०१८ चा विल्की मेमोही तुम्ही जोडलात. सन्मानाच्या शेऱ्यासाठी सेवा निष्कलंकच असावी लागते असं नाही, हे त्यात आहे. आणि २००९ च्या कायद्याचा मुद्दा तुम्ही ज्या शांतपणे मांडलात त्याचं मला अजून नवल वाटतं. परदेशातल्या तैनातीवरून २४ महिन्यांच्या आत परतलेल्या सैनिकाची मानसिक आघाताची किंवा मेंदूच्या इजेची तक्रार असेल, तर असा शेरा देऊन काढण्याआधी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. चिठ्ठी फाइलमध्ये होती, तपासणी नव्हती. मी असते तर त्यावर पानभर आरडाओरडा केला असता. तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत.

माझं निवेदन तुम्ही तीनदा परत पाठवलंत, तेव्हा खरं सांगते, राग आला होता. मी लिहिलं होतं की तो मनाने निर्मळ आहे, सगळ्यांच्या मदतीला धावतो. तुम्ही म्हणालात, बहीण हे लिहिणारच, मला तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते हवंय. मग बोलता बोलता कुकरची गोष्ट निघाली. तो परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात शिट्टी झाली आणि तो जेवणावरून उठून जिन्याखाली जाऊन बसला. तेव्हापासून आई वरण पातेल्यात, मंद आचेवर शिजवते. आमच्या घरात ती इतकी सवयीची गोष्ट झाली होती की तो पुरावा आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, ‘कुकर नक्की कधी बंद केलात?’ आईने महिना सांगितला. तो महिना निवेदनात गेला. निकालपत्रात त्या परिच्छेदाचा उल्लेख आहे, ताई. पाच जणांच्या बोर्डाने आमच्या स्वयंपाकघराची गोष्ट वाचली आणि लक्षात घेतली.

सुनावणी व्हिडिओवर झाली. अशा प्रकरणात बोर्डावर मानसिक आरोग्याचा जाणकार असावा लागतो. त्यांनीच सरळ विचारलं, ‘एवढा त्रास होता तर मदत का मागितली नाहीस?’ मला वाटलं आता तुम्ही बोलाल. तुम्ही बोलला नाहीत. भावाने दोन क्षण घेतले आणि म्हणाला, ‘मागितली होती. चिठ्ठी जोडलीय.’ हे उत्तर त्याने स्वतःच्या तोंडाने द्यावं म्हणून तुम्ही गप्प राहिलात, हे मला नंतर उमगलं.

काही महिन्यांनी नवा डीडी-२१४ आला. शेरा ‘ऑनरेबल’. कारणाच्या रकान्यातून अमली पदार्थ गेले, तिथे आता ‘सेक्रेटेरियल ऑथॉरिटी’, म्हणजे नुसतं ‘खात्याच्या सचिवाच्या अधिकाराने’, असं आहे. पुन्हा भरतीचा कोड तसाच राहिला, त्याला त्याचं काही नाही. ‘ऑनरेबल’च्या एक पायरी खालच्या ‘जनरल’ शेऱ्यावर समाधान मानू नका, असं तुम्ही आधीपासून का बजावत होतात तेही कळलं. ९/११ नंतरच्या जीआय बिलातून शिक्षणाचा खर्च मिळवायला ‘ऑनरेबल’च लागतं. त्याने कॉलेजचा अर्ज भरलाय. मधली वर्षं परत मिळाली नाहीत. तुटलेली एक-दोन नातीही जुळली नाहीत. तसं होईल असं तुम्ही कधी म्हणालाही नव्हतात.

ज्यांच्या घरी असा कागद ड्रॉवरमध्ये पडून आहे त्यांच्यासाठी, तुमच्याच शब्दांत: डिस्चार्ज होऊन १५ वर्षं झाली नसतील तर डीडी-२९३ भरून रिव्ह्यू बोर्डाकडे जाता येतं. झाली असतील किंवा तिथे काम झालं नाही, तर डीडी-१४९ भरून नोंदी दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे. तिथे चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायासाठी ती माफ होऊ शकते. जनरल कोर्ट मार्शलमधून आलेला शेरा मात्र रिव्ह्यू बोर्डाच्या हातात नसतो. आणि फॉर्म भरण्याआधी आपली पूर्ण फाइल मागवा, दोन्ही भाग.

आईने तुमच्यासाठी घेतलेली पैठणी तुम्ही नियमाकडे बोट दाखवून परत केलीत. ती थोडी हिरमुसली आहे, पण कपाटात नीट ठेवलीय. तुम्ही केंद्राचं काम सोडाल त्या दिवशी देणार म्हणते. आणखी एक. धाकट्याला तुम्हाला विचारायला संकोच वाटतो म्हणून मीच विचारते. नव्या मुलांच्या फायली आल्या की त्या तारखेप्रमाणे लावायला शनिवारी केंद्रावर आलो तर चालेल का, असं तो म्हणतोय. गोपनीयतेच्या कागदांवर सही करायची त्याची तयारी आहे, आणि या वेळी सही करण्याआधी तो सगळं वाचेल. कळवा.

तुमची,
एका माजी सैनिकाची मोठी बहीण