देवाचं नाव आलं की नाही, एवढंच मोजायचं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला थँक्सगिव्हिंगवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरमधल्या आभार मानायच्या सणावरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. लेखकाचं म्हणणं असं की वॉशिंग्टनपासून आजपर्यंत अमेरिकेचे सगळे राष्ट्राध्यक्ष सणाच्या घोषणेत बिनदिक्कत देवाचं नाव घेत आले, एका ओबामांनी ते गाळलं तर जनतेने त्यांना धारेवर धरलं, आणि आपल्या पुढाऱ्यांनी यातून काहीतरी शिकावं. मी गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीत राहते, रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर तुमचा पेपर वाचते, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सगळे कसले हो? जेफरसन आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, त्यांनी थँक्सगिव्हिंगची घोषणा एकदाही काढली नाही. व्हर्जिनियाचे गव्हर्नर असताना १७७९ मध्ये काढली होती, पण राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ठाम नकार दिला. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, चर्चवाल्यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनना उपवास-प्रार्थनेचा दिवस जाहीर करा म्हणून विनवलं, त्यांनीही नाही म्हटलं. आणि वॉशिंग्टननी १७८९ मध्ये पहिली घोषणा काढली त्याच्या आधी काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, यावर वाद झालाच होता, साउथ कॅरोलिनाच्या टकर नावाच्या सदस्याने सरळ सांगितलं की हा धर्माचा विषय आहे, यात काँग्रेसने पडूच नये. म्हणजे हा वाद इथला जन्मापासूनचा आहे, ओबामांनी उकरून काढलेला नाही.

ओबामांचं पण ऐकून घ्या. २०११ च्या थँक्सगिव्हिंगला त्यांच्या व्हिडिओ भाषणात देव हा शब्द आला नाही हे खरं. पण त्याच वर्षीच्या लेखी प्रोक्लमेशनमध्ये, म्हणजे अधिकृत घोषणेत, देवाचे आभार मानलेले आहेत, ते कोणी उघडून बघायचं? बायडेनच्या बाबतीत २०२१ मध्ये तेच झालं, नॅशनल डे ऑफ प्रेयरच्या, म्हणजे राष्ट्रीय प्रार्थना दिनाच्या घोषणेत प्रार्थनेबद्दल सगळं होतं, देव हा शब्द नव्हता म्हणून आठवडाभर आरडाओरडा. माणूस नेमाने चर्चला जाणारा कॅथलिक, आणि त्या कागदाच्या शेवटी तारीख 'इन द यर ऑफ अवर लॉर्ड', म्हणजे आपल्या प्रभूच्या अमुक वर्षी, अशीच घातलेली, जशी सगळ्या घोषणांवर घालतात. तरी लोक शब्द मोजत बसले. तुमच्या लेखकानेही तेच केलं याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण त्या कागदात कोण आहे आणि कोण बाहेर राहिलंय हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

तो मला पडला कारण माझ्या आईवर वेळ आली. आई साताऱ्याहून आली होती, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आमच्या गावच्या सीनियर सेंटरमध्ये जेवण असतं, तिला तिथे घेऊन गेले. फॉइलच्या ट्रेमध्ये टर्की, आमच्यासाठी बटाटा आणि फरसबी, टेबलावर कागदाचे टर्की कापून लावलेले, सगळी माणसं अगदी प्रेमळ, आईला दोन-तीन आज्यांनी जवळ बसवून घेतलं. जेवणाआधी एक स्थानिक अधिकारी उभा राहिला, सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि राष्ट्राध्यक्षांचं प्रोक्लमेशन वाचायला लागला. तोपर्यंत ठीक होतं, देव म्हटल्यावर आईनेही हात जोडले, तिच्या डोळ्यापुढे तिचा विठोबाच असणार. पण कागद संपल्यावर त्याने मनचं जोडलं, की आपलं हे ख्रिस्ती राष्ट्र आहे, आपण सगळे आपल्या तारणहार येशूचे आभार मानूया, त्याच्याशिवाय मुक्ती नाही. आईला इंग्लिश तुटक समजतं, येशू तेवढं समजलं. तिने माझ्या कानाशी विचारलं, "मग आता आपण उभं राहायचं की बसायचं गं?"

मी तिला म्हटलं राहा उभी. पण माझा जीव नुसता तडफडला. माझी पंचाऐंशीच्या घरातली आई, आयुष्यात कोणाच्या देवाला वाकडा शब्द बोलली नाही, दर्ग्यापुढूनही हात जोडून जाणारी, आणि सरकारी हॉलमध्ये सरकारी कागदाच्या निमित्ताने तिला असा प्रश्न पडावा? येशूचे आभार मानायचे तर चर्चमध्ये माना ना, मीही येईन, कितीदा गेलेय मैत्रिणींबरोबर. इथे सरकारी शिक्क्याचं पत्रक हातात धरून का?

जेफरसननी १८०८ मध्ये एका पाद्र्याला लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच सांगितलंय, की सरकारने नुसती शिफारस केली, दंडबिंड काही ठेवला नाही, तरी जो ती पाळत नाही तो लोकांच्या नजरेतून उतरतो, आणि हीसुद्धा एक शिक्षाच झाली. शिकायचंच असेल तर आपल्या पुढाऱ्यांनी हे शिकावं.

मी त्या अधिकाऱ्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं की ही जुनी परंपरा आहे, आणि आजवर कोणाचीच तक्रार आलेली नाही. मग आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींना म्हटलं, चार सह्या द्या, एकत्र पाठवू. एकानेही दिली नाही. कोणी म्हणे कशाला उगाच, कोणी म्हणे आपण परक्या देशात राहतो, आणि यातले निम्म्याहून जास्त लोक इथले नागरिक आहेत, मत देतात, टॅक्स भरतात! याच मंडळींचा २०१८ चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मला आठवतो. ट्रम्पनी व्हाइट हाउसमधल्या दिवाळीबद्दल ट्वीट केलं, त्यात बौद्ध, शीख, जैन सगळे होते, हिंदूच नव्हते. ते काढून पुन्हा टाकलं तर त्यातही नाहीत, नंतर वेगळ्या ट्वीटमध्ये आले. तेव्हा केवढा संताप झाला होता. संताप बरोबरच होता, मलाही आला होता. पण आपलं नाव राहिलं की दुखतं, तर दुसऱ्याचं राहिलं, किंवा आपल्याच म्हातारीला परक्या प्रार्थनेत उभं केलं, तेव्हा का नाही दुखत?

१८४४ ची गोष्ट तुमच्या लेखकाला माहीत असती तर बरं झालं असतं. साउथ कॅरोलिनाचा गव्हर्नर जेम्स हॅमंड, त्याने थँक्सगिव्हिंगची घोषणा काढली ती देव आणि त्याचा पुत्र येशू ख्रिस्त यांची भक्ती करा अशी. चार्ल्सटनच्या ज्यूंना त्यात जागाच राहिली नाही. त्यांनी शंभरावर सह्यांचं निषेधाचं पत्र पाठवलं. हॅमंडने माफी मागितली नाही, उलट त्यांनाच सुनावलं. पण त्याच्यानंतर आलेल्या गव्हर्नरने घोषणेची भाषा बदलली, सगळ्यांना सामावेल अशी केली. ती मूठभर माणसं, त्या काळात, त्या राज्यात, आणि तरी सह्या केल्या. वॉशिंग्टनच्या घोषणेत सर्वशक्तिमान देव आहे पण येशूचं नाव नाही, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या सिनॅगॉगमध्येही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातही, थँक्सगिव्हिंगचं प्रवचन झालं होतं. तेवढी जागा पहिल्याच कागदात ठेवलेली होती.

आता उलटं चाललंय. २०२५ च्या होली वीकच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याच्या संदेशात व्हाइट हाउसने येशू हा आपला प्रभू आणि तारणहार, देवाचा जिवंत पुत्र असं थेट म्हटलं, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या पदावरून श्रद्धेचा जाहीरनामाच. तुमच्या लेखकासारख्यांना हे धाडस वाटतं. त्याच वर्षी दिवाळीला एफबीआय या तपास संस्थेचे तेव्हाचे प्रमुख, हिंदू घरातले काश पटेल यांनी साध्या शुभेच्छा दिल्या तर त्याखाली लोकांनी तुमचे देव घेऊन परत जा इथपर्यंत लिहिलं. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा आणि मग आपल्याकडे असंच व्हावं असं लिहा. कारण इथे हिंदू जिथे उभा आहे तिथेच तिकडे भारतात कोणी दुसरा उभा असेल, त्याच्याही घरात म्हातारी आई असेल.

अजून एक. लेखात थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असतो असं छापलंय. तो चौथ्या गुरुवारी असतो, १९४१ च्या कायद्याने. २०२३ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार होते आणि सण २३ तारखेला होता, ३० ला नाही. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. आणि हे पत्र छापणार असाल तर आईचा परिच्छेद कृपया कापू नका. मागच्या पत्रातला मधला भाग तुम्ही काढून टाकलात आणि मी काय म्हणत होते तेच वाचकांना कळलं नाही, त्याबद्दल मेल केली होती, तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक, न्यू जर्सी