सही करण्याआधी सामानयादी तपासा

महोदय,
शिक्षणासाठी भाड्याच्या खोलीत राहायला जाणारी मुले किल्ली हाती येताच घरमालकाने पुढे केलेल्या सामानयादीवर न वाचता सही करतात आणि खोली सोडताना त्याच सहीच्या आधारे त्यांच्या अनामत रकमेतून पैसे कापले जातात, हे फार खटकते. ‘कपाट एक, गादी एक’ एवढी नोंद पुरेशी नाही. कपाटाचे बिजागर निखळले आहे, गादीवर जुना डाग आहे, पलंगामागच्या भिंतीला ओल आली आहे, हेही यादीत यायलाच हवे. नळ-पंखे चालवून पाहावेत, वीजमीटरचा आकडा टिपावा आणि छायाचित्रे त्याच दिवशी घरमालकाला पाठवावीत. नेहमीच्या वापराने रंग फिका पडणे हे नुकसान नव्हे, हे करारातच स्पष्ट असावे. महाविद्यालयांनी अशा यादीचा नमुना प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यांना द्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे.
– एक पालक