विशाखापट्टणमला जाण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं तर बाबा नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे देतील, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलच्या नोकरीचा राजीनामा दिलाय. पुढच्या महिन्यापासून विशाखापट्टणमला मेडटेक झोनमधल्या (वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची वसाहत) एका कंपनीत लागतेय, सिरिंज पंपाच्या डिझाइनमध्ये. "एकदा विचार कर" म्हणू नका, तो करून झालाय.

अण्णाकाकांच्या खाटेशेजारी सारखा केकाटणारा तो डबा आठवतोय ना, सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने हळूहळू देणारा? तोच. आत फार काही नसतं. स्टेपर मोटर, लांब आट्यांचा स्क्रू आणि सिरिंजचा दट्ट्या पुढे रेटणारा हात. अवघड आहे ती त्याची चाल. 50 मि.लि.च्या सिरिंजमधून तासाला 1 मि.लि. औषध द्यायचं, तर दट्ट्या तासाभरात दोन मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. अशात नळीला पीळ पडला तर दाब इतका सावकाश चढतो की अलार्म वाजायलाच खूप वेळ जातो. आत्या तेव्हा त्या नर्सवर उगाच चिडली होती, हे तिला माझ्याकडून सांगा. आणि अलार्म वाजल्यावर कुणी घाईत पीळ सोडवला की तुंबलेलं औषध एकदम आत जातं. औषध बीपी वाढवणारं असेल तर बीपी उसळतं. म्हणून आधी पेशंटच्या बाजूचा थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची छोटी तोटी, बंद करायचा, दाब बाहेर सोडायचा आणि मगच लाइन सुरू करायची. चांगला पंप मोटर उलटी फिरवून हा दाब आपणच उतरवतो. किती फिरवायची, ते आता मला ठरवायचंय.

हॉस्पिटलात पंप माझ्याकडे यायचा तो बिघडल्यावर. बॅटरी बदला, कॅलिब्रेशन करा, वॉर्डात परत पाठवा. तिकडे बिघाड आधीच कागदावर मांडावा लागतो. दुसऱ्याच कंपनीची सिरिंज बसवली तर? आतला व्यास बदलला की डोसही बदलला. दट्ट्या खाचेत अडकलाच नाही आणि पंप खाटेपेक्षा उंच लावलाय, तर? औषध आपोआप खाली वाहून जातं. अशा प्रत्येक "तर"ला एक उपाय आणि तो उपाय चालतो हे दाखवणारी चाचणी, असं आयएसओ 14971, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमधल्या धोक्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, मागतं. दुरुस्तीच्या टेबलावर हे काम कधीच हाती आलं नसतं. आणि आई, शॉकचं म्हणशील तर अशा पंपातून पेशंटकडे 10 मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त करंट एरवी झिरपून चालत नाही. तेही मोजतात.

बाबा, "कंपनी टिकेल का" हे तुम्ही विचारणारच. त्याची हमी कोण देणार? पण 1 ऑक्टोबर 2023 पासून क्लास सी आणि डीच्या, म्हणजे जास्त जोखमीच्या, सगळ्या उपकरणांना केंद्राचं लायसन्स लागतं आणि हे पंप सीमध्ये येतात. फायली लिहिणारी, चाचण्या करणारी माणसं सगळ्यांनाच हवी आहेत. पगार सुरुवातीला थोडा कमी आहे, पण घरी पाठवते त्यात काही फरक पडणार नाही.

राहायची सोय चांगली आहे. स्वयंपाकघर स्वतंत्र आहे, ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी नेणारच आहे, त्यामुळे नुसत्या भातावर वाळेन अशी भीती नको. कोणार्क एक्सप्रेस सोलापूरहून थेट जाते, कुठे गाडी बदलायची नाही. बाबा, रेडिओ उघडलात की स्क्रू माझ्या ओंजळीत द्यायचात आणि मी श्वास रोखून बसायचे. नाही म्हटलं तरी या खोडीला सुरुवात तुम्हीच केलीत.

आता ऐका. बाबा, शर्टाच्या बाहीवरून बीपीचा पट्टा बांधायचा नाही. मशीनबरोबर आलेला पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर दंडाचा आहे, तुमचा दंड त्याहून जाड आहे. लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. चहा नंतर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. हात 10 सेंटिमीटर खाली राहिला तरी आकडा 7-8 ने वाढतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि एका आकड्यावरून गोळी वाढवू किंवा सोडू नका.

आई, शुगर बघण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे कर. आंबा चिरलेल्या बोटाची शुगर आंब्याचीच येते. बोट पिळून रक्त काढू नकोस, हात थोडा वेळ खाली सोड. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच घट्ट लाव. डबी फ्रिजमध्ये नको, शेगडीजवळच्या फळीवरही नको. उघडल्याची तारीख डबीवर लिही. पट्ट्या उघडल्यावर किती दिवस चालतात, ते तिथेच छापलेलं असतं.

मोठा पट्टा मागवलाय, मशीनच्याच कंपनीचा, कारण दुसऱ्याचा चालेलच असं नाही. शनिवारी येईल, दुपारी कुणीतरी घरी थांबा. आणि जुना "असू दे" म्हणत माळ्यावर टाकू नका, धाकट्या मावशीचा दंड बारीक आहे, पण मशीन तेच असेल तरच तिला द्या.

तुमची,
मनी